पक्क्या रस्त्यावर चार चाकं

सौंसर,
बुधवार, संध्याकाळ

प्रिय अभी,

जीपचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, फुटला आहे. पांढुर्ण्याहून प्रकाशभाऊंचा आज सकाळी फोन आला. त्यांनी तो खाली उतरवला, तेल काढलं, खोलून पाहिला आणि मगच सांगितलं. बिडाच्या खोक्याला आडवी चीर गेली आहे, आतल्या एका गिअरचे दात उडाले आहेत आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला आहे. इंजिन शाबूत आहे, गिअरबॉक्स शाबूत आहे, आणि तू पाठवलेल्या, मागच्या चाकांच्या गिअर-सेटला काही झालेलं नाही. बाबूजीही बरे आहेत. खरं तर हे वाक्य सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पण या घरात गेले काही महिने जीपची खबर आधी आणि माणसाची नंतर, अशीच सवय लागली आहे.

सोमवारी तुला फोनवर एवढंच सांगितलं की गाडी नाल्यावरच्या रपट्यावर बंद पडली. तू लगेच विचारलंस, आवाज कुठून आला, पुढून की मधून. मी म्हटलं मधून. तू म्हणालास, मग ट्रान्सफर केस असणार. तू बरोबर होतास. चाकणला बसून तू नेहमी बरोबरच असतोस, आणि यात टोमणा नाही. दिवसभर गिअरच करणाऱ्या माणसाला आवाजावरून कळणारच. पण फोनवर आपलं बोलणं आवाजापाशी थांबतं. शिवाय मी बोलत असते तेव्हा बाबूजी समोर खाटेवर असतात, आणि कान त्यांचे अजून तुझ्या-माझ्यापेक्षा तिखट आहेत. म्हणून लिहिते आहे. शाळेत सगळा कारभार हिंदीतून, मराठी लिहिण्याची सवय सुटली, तेव्हा चुका सांभाळून घे. यातलं बरंच तुला माहीत आहे, पण फोनच्या तुकड्यांत माहीत आहे. एकदा सलग वाच.

गेल्या पावसाळ्यात बाबूजींच्या किडन्यांनी हात टेकले आणि आठवड्यातून दोनदा नागपूरला डायलिसिसच्या मशीनवर न्यायचं ठरलं, तेव्हा पहिले काही दिवस आपण रवींद्रची मोटार ठरवली होती. रवींद्र शेजारचा, गाडी चांगली, एसी चांगला. पण बाबूजींना त्या खाली बसलेल्या सीटवर गुडघे मोडून उतरता येईना, आणि काचा बंद केल्या की सावनेर यायच्या आत उलटी व्हायची. एक दिवस दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मी या डब्यात नाही बसत. माह्या गाडीतून नेत असशील तं चाल, नाही तं मशीन इकडे आण." मुकुंद आतून म्हणाले, "मशीन आणता येते का पहा, जीपपेक्षा स्वस्त पडेल." बाबूजी हसले नाहीत. जावयाच्या विनोदाला ते एरवी थोडं तरी हसतात.

मग जीप निघाली. जंगल खात्याच्या लिलावातून त्यांनी घेतली तेव्हा तू शाळेतही जात नव्हतास. त्या गाडीचा जन्म चिखलासाठीच झालेला. पाच-अडतीसचा रेशो, म्हणजे आठ दातांच्या पिनियनने त्रेचाळीस दातांचं क्राउन फिरवायचं. बागेतून संत्र्यांचे क्रेट भरून काळ्या मातीतून, नाल्यातून, बैलाच्या चालीनं ती कुठेही जायची. पण बोरगाव सोडून मोठा रस्ता लागला की पन्नासला तिचा जीव जायचा. इंजिन किंचाळायचं, स्टिअरिंग थरथरायचं, मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून ओलांडायचे आणि ओलांडताना खिडकीतून बघायचे की चालवतंय कोण. बाई आणि तीही चष्म्यातली मास्तरीण, हे पाहून एकदा एकाने हात जोडले. येताना तर आणखी वाईट. मशीनवरून उतरलेला माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा असतो. त्याला त्या आवाजात आणि त्या हादऱ्यांत घरापर्यंत आणायचं म्हणजे मशीनने केलेलं सगळं रस्त्यानं उलटवायचं.

तेव्हा तुझे फोन सुरू झाले, आणि ते दिवस मला आवडले होते, हे तुला सांगितलेलं नाही. तू आणि बाबूजी कितीतरी वर्षांनी एका विषयावर बोलत होतात. तू म्हणालास ओव्हरड्राइव्ह लावू. ट्रान्सफर केसच्या मागे एक छोटा डबा, हवा तेव्हा लिव्हर ओढली की गाडी महामार्गाची, सोडली की पुन्हा नाल्याची. म्हणजे काहीच सोडावं लागणार नाही. प्रकाशभाऊंनी ऐकलं आणि म्हणाले, "ताई, ओव्हरड्राइव्ह म्हणजे घरजावई. आवाज त्याचाच सगळ्यात जास्त, तेल बी त्यालेच जास्त, अन् काम पडलं की गायब." मुकुंद तिथेच होते. शिवाय जुना मिळाला तरी त्याचे सुटे भाग मिळणार नाहीत, हे तूही मान्य केलंस. मग पाच गिअरचा बॉक्स. तो बसतो, पण लांबीला जास्त, म्हणून दोन्ही शाफ्ट कापून छोटे-मोठे करायचे, आणि लिव्हर येते नेमकी बाबूजींच्या गुडघ्याशी. मोठे टायर लावा, हे पांढुर्ण्याच्या चहाच्या टपरीवरच्या प्रत्येकाने सांगितलं, पण मग त्यांना गाडीत चढायला स्टूल लागलं असतं. शेवटी उरला डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांमधल्या गिअरचा, रेशो. पाच-अडतीस काढून चार-सत्तावीस. पन्नासला जेवढी ओरडायची, तेवढी आता साठच्या वर गेल्यावर ओरडेल. बदल्यात पहिल्या गिअरमधली ताकद जाईल. भरलेल्या क्रेटांनिशी नाला चढणार नाही.

ही चर्चा चालली होती तेव्हा बाबूजी खाटेवर बसून ऐकत होते. तू स्पीकरवर होतास. एकदाच त्यांनी तोंड उघडलं. "मंग बागेत?" एवढंच. आणि आपण तिघं, तू, मी, प्रकाशभाऊ, एकाच वेळी बोलायला लागलो. की बागेत काय, कधीतरी जायचं, पुढचाही सेट आला की चार चाकं पुन्हा लागतील, हळूहळू जाऊ, रिकामी गाडी तर चढेलच. प्रश्न एका शब्दाचा आणि उत्तरं तिघांची. त्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. पाणी मोजून द्यायचं असतं. अर्धा ग्लास दिला.

तू मागचा सेट शोधून ट्रान्सपोर्टने पाठवलास. पुढचा मिळाला नाही. तू बजावलं होतंस की दोन्ही एकदम बदला, नाहीतर हात लावू नका. पण हायवेला पुढची चाकं नुसती फिरतात, जोर मागचीच लावतात. तेव्हा पुढचा सेट येईपर्यंत मागचा बसवू आणि चारही चाकांना जोर देणारी लिव्हर वापरायची नाही, असं ठरलं. का वापरायची नाही, हे मला बाबूजींनी समजावलं. अंगणात दोन बोटं पुढे, दोन मागे अशी चालवून दाखवली. "मागची चाकं पाच पावलं टाकतीन तवा पुढची चार. वेगळी वेगळी चालली तं कोणाचं काही बिघडत नाही. पण लिव्हर ओढून एकमेकाले बांधली, अन् जमीन पक्की असली, तं कोणालेच घसरता येत नाही. मंग मधातलं तुटते." मी शाळेत इतकी वर्षं गणित शिकवते, मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. प्रकाशभाऊंचं म्हणणं होतं की पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच काढून ठेवू, म्हणजे चुकूनही काही व्हायला नको. त्याला बाबूजी तयार झाले नाहीत. "शाफ्ट काढल्यावर ते जीप कायची? तिले आता टॅक्सी म्हणा." मग प्रकाशभाऊंनी लिव्हरला बांधणीच्या तारेचे वेढे दिले आणि तार सीटच्या कडीला आवळली. लिव्हरवरचा तो संत्र्याच्या लाकडाचा गोल लट्टू तुला आठवतो ना, बाबूजींनी स्वतः घासून केलेला. तारेतून तेवढाच वर दिसायचा.

गाडी खरंच चांगली झाली. साठला शांत चालायची. बाबूजींना उलटी होत नव्हती, काचा नाहीतच तर बंद कोण करणार. डाव्या हाताच्या सीटवर ते बसायचे आणि उजवा हात त्या लट्टूवर ठेवायचे, जसा कुणी नातवाच्या डोक्यावर ठेवतं. सोमवारी आणि गुरुवारी मी पहाटे उठून डबा करायची, शाळेला रजेचा अर्ज द्यायची, मुख्याध्यापिका तो न वाचताच सही करायच्या. मशीन चालू असताना बाहेरच्या बाकावर वह्या तपासायच्या. येताना त्यांना थंडी वाजायची, म्हणून घोंगडी. घरी आल्यावर मुकुंदांची खिचडी, तिच्यात मीठ नाही, कारण मीठ नाही. डाळ कमी, कारण डाळ कमी. आणि संत्रं नाही. तेही पोटॅशियममुळे. ज्या माणसाने साऱ्या आयुष्यात कधी फळ विकत आणलं नाही, कारण घरात संत्री असताना फळ कशाला, त्याला संत्रं नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ते डॉक्टरबाईंना म्हणाले होते, "मॅडम, हे तं सोनाराले सोनं वर्ज्य केल्यासारखं झालं." त्या हसल्या. मीही हसले. नंतर ते विषय काढेनासे झाले.

मी दमले आहे, अभी. तक्रार नाही ही, माहिती म्हणून सांगते. हल्ली फळ्यासमोर उभी असताना मध्येच मला बोरगावचं वळण दिसतं. घरी आल्यावर हात स्टिअरिंगच्या मापाचे वळलेले राहतात. तू दर वेळी म्हणतोस, ताई, पुढचा सेट मिळाला की मी स्वतः घेऊन येतो आणि बसवून देतो. मी तुझ्या येण्याची वाट पाहत होते, सेटची नाही. पण ते वेगळं करून कधी बोलले नाही.

एक जुनी गोष्ट आठवते का बघ. तू अकरावीत होतास. बागेतून येताना चार चाकं लावलेली काढायला विसरलास आणि तशीच जीप डांबरी रस्त्यावर रामाकोन्यापर्यंत आणलीस. मी मागे क्रेटवर बसले होते. वळणावर गाडी अडखळायला लागली तेव्हा बाबूजींनी तुला थांबवलं, खाली उतरवलं आणि म्हणाले, "पक्क्या रस्त्यावर चार चाकं लावणारा डायवर नाही, गवंडी आहे. चाल पायी. जमीन कशी असते ते पायाले कळू दे." आणि तुला खरोखर चालत घरी यायला लावलं. मी भांडले, आई भांडली, त्यांनी ऐकलं नाही. पुढे तू पहिल्या वर्गात इंजिनिअरिंग पास झालास तेव्हाही पेढा हातात घेऊन ते म्हणाले होते, "आता तं पक्का रस्ता ओळखू येते ना?" तेव्हा तू चिडला होतास. मला वाटतं, गिअरच्या धंद्यात तू त्या चालण्यामुळेच गेलास, पण हे तुझं तू ठरव.

आता सोमवार. सकाळी निघताना ते म्हणाले, नागपूरच्या आधी बागेत जाऊ. अंबिया बहार फुटला आहे, झाडं फुलावर आहेत, असा बाग राखणाऱ्या लीलाबाईचा निरोप आला होता, पाहून लगेच निघू. रामाकोन्याकडे जायचं म्हणजे उलट दिशा, पण वेळ होता, आणि त्यांनी कित्येक दिवसांत काही मागितलं नव्हतं. नाल्यात पाणी नव्हतं. त्यावर आता सिमेंटचा रपटा झाला आहे, तू पाहिलेला नाहीस. कोरडा, खडखडीत, घरातल्या ओट्यासारखा. रपट्यावर गाडी आल्यावर ते म्हणाले, "थांब जरा, पाहू दे." मी थांबले. त्यांचा हात लट्टूवर होता, पण तो नेहमीच असतो. नाल्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, "चाल." मी क्लच सोडला. स्टिअरिंग जड लागलं. गाडी अंग चोरल्यासारखी पुढे सरकली. पलीकडचा चढ आणि तिथलं वळण एकाच जागी आहे, म्हणून मी ॲक्सिलरेटर दाबला. टायर चुरचुरले, पुढचं चाक उड्या मारल्यासारखं झालं आणि पायाखाली असा आवाज आला, जणू कुणी जातं वरून टाकलं. मग तेल वाहायला लागलं.

मी खाली पाहिलं. तार सुटलेली होती आणि लिव्हर ओढलेली होती. मला वाटलं सवय. आयुष्यभर त्या नाल्याच्या काठावर थांबून, जमीन पाहून, लिव्हर ओढून, चाल म्हटलेलं. हात आपोआप गेला असणार. बाग समोरच होती. लीलाबाई धावत आली, तिने आणि मी मिळून त्यांना झाडाखाली नेलं, तिने खाट टाकली. सगळी बाग फुलली होती. त्या वासाचं वर्णन तुला करणार नाही, तुला तो आठवत नसेल तर माझ्या लिहिण्याने येणार नाही. लीलाबाईनं विचारलं, "काका, गाडी काहून मोडली?" ते म्हणाले, "म्हातारी झाली होती." मग मृग बहाराच्या उरलेल्या फळांतलं एक संत्रं त्यांनी मागितलं. लीलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं दे. त्यांनी सोललं, सगळे पांढरे धागे काढले, तुला काढून द्यायचे तसे, आणि दोन फोडी खाल्ल्या. बाकीचं माझ्या हातात दिलं. मी ते खाल्लं. नागपूरची वेळ निघून गेली होती. खाटेवर आडवे झाले आणि घोरायला लागले. मशीन सुरू झाल्यापासून ते दिवसा झोपल्याचं मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मुकुंद म्हणाले, वय झालं, सवय कुठे जाते. मलाही तेच वाटलं. काल मंगळवारी रवींद्रच्या मोटारीतून नागपूरला नेलं, चुकलेली पाळी भरून काढली. उलटी झाली. ते कुरकुरले नाहीत. मी औषधं आणायला खाली गेले होते, परत आले तर डॉक्टरबाई त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या. मला वाटलं, चांगली डॉक्टर आहे, वेळ देते.

आज सकाळी प्रकाशभाऊंनी फुटलेल्या केसचं सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "ताई, तार कोणं कापली?" मी म्हटलं, सुटली असेल, हादऱ्यांनी. ते म्हणाले, "हादऱ्यानं सुटलेली तार मले ओळखू येते. हे पकडीनं कापली आहे. दोन्हीकडून, सफाईनं. तुटके तुकडे सीटखाली ठेवून दिले आहेत, फेकले बी नाही." मला तेव्हा आठवलं. रविवारी दुपारी बाबूजींनी माझ्याकडे पक्कड मागितली होती. खाटेचा खिळा वर आला म्हणाले. मी दिली. खिळा वर आला नव्हता.

फोन ठेवून मी त्यांच्यासमोर बसले. रागावले नव्हते, रागवायला जेवढी ताकद लागते तेवढी आज नव्हती. विचारलं, बाबूजी, सवयीनं ओढली ना लिव्हर? ते म्हणाले, "विजू, पक्क्या रस्त्यावर मी चार चाकं कधी लावली?"

अभी, मी उठून दार लोटून घेतलं. मग तेच बोलले, अगदी साधेपणाने, जसा बहार कोणता धरायचा ते ठरवतात. म्हणाले, तू थांब म्हणणार नाही, अभी थांब म्हणणार नाही, तुम्ही दोघं चांगले आहात. मी नको म्हटलं तर तुम्ही आणखी चांगली गाडी आणता. म्हणून गाडीच थांबवली. "मले वाटलं नुसती अडकीन. फुटीन असं नाही वाटलं. तिचं वाईट वाटून राहिलं." मशीनबद्दल ते काही वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की दोन दिवस मशीनचे आणि उरलेले मशीनच्या थकव्याचे, त्यात माझा वार कोणता ते मला सापडून नाही राहिलं. आणि विजू, तुझे हात पाहतो रोज, असंही म्हणाले. मी हात पदराखाली घेतले.

दुपारी मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी काल हेच ऐकलं होतं, माझ्या पाठीमागे. त्यांना वाटलं होतं मला माहीत आहे. बाबूजींनी त्यांना सगळं विचारलं होतं, थांबवल्यावर काय होईल, किती त्रास होईल, घरी राहता येईल का. त्यांनीही काही न लपवता सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, शुद्धीत आहेत, समजून बोलतात, त्यांचा अधिकार आहे. त्रास कमी करणारी औषधं घरी देता येतील, त्या स्वतः फोनवर राहतील. मन बदललं तर मशीनचं दार उघडं आहे, तेही सांगितलं. पण एकदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही समोर बसवून बोलायचं आहे. हे मी बाबूजींना सांगितलं. ते म्हणाले, "हाव, अभीले येऊ दे. तो येईपर्यंत जातो मी, रवींद्रच्या डब्यात का होईना."

आणि प्रकाशभाऊ उत्तराची वाट पाहत आहेत. जुना ट्रान्सफर केस त्यांना बैतुलकडे मिळतो आहे, पुढच्या आठवड्यात गाडी उभी करतील. त्यांनी विचारलं की गाडी खालून उघडीच आहे, तर तुझा पुढचा चार-सत्तावीस येईपर्यंत थांबायचं, की मागचा काढून जुना सेट परत बसवायचा. तो त्यांनी तेल लावून पोत्यात गुंडाळून ठेवला आहे. मी प्रश्न बाबूजींसमोर मोठ्यानं वाचल्यासारखा म्हटला. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "जुनं पाच-अडतीसच बसव म्हण. दोन्हीकडे सारखं." मी प्रकाशभाऊंना तसं कळवलं. ते एवढंच म्हणाले, "बरं ताई. बागेपुरती चांगली चालंन."

हे सगळं मी तुला फोनवर का सांगितलं नाही, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. नुसतं पाच-अडतीस म्हटलं असतं तरी तू समजला असतास. गाडी नागपूरला जाण्याजोगी राहणार नाही, याचा अर्थ तुला दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळला असता, आणि तो तुला कारखान्यात, उभ्याउभ्या, फोन कानाला लावून कळावा असं मला वाटलं नाही. आणखी एक खरं सांगायचं राहिलं. तू येईपर्यंत ते मशीनवर जाणार आहेत. म्हणजे तू आलास की थांबणार आहेत. आज दुपारभर मला वाटत होतं की तुला काहीच कळवू नये, तू तिकडे सेट शोधत राहावंस आणि ते इकडे मोटारीत उलट्या करत का होईना, जात राहावेत. पण ते तुझ्या वाटेवर डोळे लावून बसले आहेत, आणि त्यांना तसं ताटकळत ठेवणं मला जमणार नाही. तुला त्यांच्याशी भांडायचं असेल तर भांड, मी अडवणार नाही. मलाही अजून आशा आहे की तू जिंकशील. पण जीप चालवत भांड. पुढच्या शनिवारी प्रकाशभाऊ ती दारात आणून लावतील, रविवारी सकाळी बाबूजींना बागेत जायचं आहे, आणि सोमवारी डॉक्टरबाई आपल्या तिघांची वाट पाहणार आहेत. रपट्यावरून जायचं नाही, असं बाबूजींनी आत्ताच बजावलं आहे. शेजारून नाल्यातली जुनी वाट आहे, तिथे बागेचं पाणी झिरपून चिखल असतो, तिथे चार चाकं लावायची आणि ती तू लावायचीस. तेव्हा पुढचा सेट शोधणं आता थांबव आणि ये.

तुझीच,
विजूताई